फोडी कुणाच्या वाटणीला

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले पंधरा दिवस भांडण चाललंय आणि इथे स्टुटगार्टमध्ये बसून ते वाचताना माझं डोकं उठलंय. धाकट्या भावाच्या बायकोला पाचवा महिना आहे. काकूंनी कुठल्याशा गर्भसंस्कार वर्गातला कागद ग्रुपवर टाकला. मटण, मासे, अंडी, कांदा-लसूण बंद. दूध, तूप, केशर, खडीसाखर चालू. का, तर पोटातल्या बाळावर तामसी संस्कार होतात. त्यावर काका उसळले. कोल्हापूरची पोरं तांबड्या-पांढऱ्यावर वाढलीत, तालमीतले पैलवान काय खडीसाखरेवर झालेत व्हय? मग सगळा गोतावळा त्यात उतरला.

या सगळ्याच्या वर, भांडण सुरू व्हायच्या आधी, भावाने तिच्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो टाकलेला आहे. हिमोग्लोबिन ८.६. त्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही.

गरोदरपणात ते साधारण ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्के त्यात मोडल्या. म्हणजे आमची ही काही जगावेगळी नाही. आणि घरात भांडण कशावर, तर रश्श्याच्या रंगावर.

२०१७ मध्ये आयुष मंत्रालयाच्या एका पुस्तिकेत गरोदर बाईने अंडी-मांस टाळावं असं छापलं होतं, तेव्हाही असाच वाद पेटला होता. तेव्हा मी स्वतः सहा महिन्यांची गरोदर होते. इथे माझ्या मुटरपासमध्ये, म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीच्या वहीत, दर खेपेला हिमोग्लोबिनचा आकडा लिहिला जायचा आणि डॉक्टर वही उघडली की आधी तो बघायची. मला मेट म्हणजे डुकराचा कच्चा खिमा बंद, सलामी बंद, कच्च्या दुधाचं चीज बंद. कँटीनमध्ये माझ्या ताटात चुकून सलामी आली तर शेजारची सहकारी हात धरायची. पण ती बंदी कच्च्या खाण्यातल्या लिस्टेरिया आणि टोक्सोप्लाझ्मा या जंतूंसाठी. नीट शिजवलेल्या मटणाला, उकडलेल्या अंड्याला कुणी नाव ठेवलं नाही. बाळाचा स्वभाव माझ्या पानातल्या लसणावरून ठरेल असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर एका चुलत भावाने उत्तर दिलं, "ताई, तुमचं जर्मनीचं वेगळं." ते वाक्य मला अजून टोचतंय. तिचं रक्त आणि माझं रक्त वेगळं असतं का?

शेवटी मी तिलाच फोन लावला.

"गोळ्या घेतीयास का?"

"घेतो की ताई, रोज. सकाळी चहाबरोबर."

सरकारी लाल गोळी. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, गरोदरपणात १८० दिवस घ्यायची. पोरगी इमानाने घेतीय, पण चहाबरोबर, आणि लगेच मागून कॅल्शियमची. चहा लोह अंगी लागू देत नाही, कॅल्शियमही देत नाही. काकूंच्या कागदावरचं केशर-दूध सकाळी प्यायली असती तरी तेच झालं असतं. मी तिला म्हटलं, गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहा-दूध दोन तासांनी, कॅल्शियम जेवणाच्या दुसऱ्या वेळेला. तिला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी काकूंच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. दूध वाईट नाही. नव्वदच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खात होत्या त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. पण त्याच अभ्यासात बहुतेक आयांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि बी-१२ भाजीपाल्यात नसतं. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या मटण खात नाहीत तिथली बाई दूध-दही, डाळी, पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी यांवर नीट बाळंत होते. आमचं घर तसलं नाही. आमच्यात अंडं बंद केलं तर त्या जागी दुसरं काय द्यायचं, हे त्या कागदावर नाही. गुळाचा खडा म्हणे. आपला गूळ मलाही प्रिय आहे, शाहूपुरीतून आणलेली ढेप इथे माझ्या फडताळात आहे. पण ८.६ वरून ११ वर गुळाच्या खड्याने जाता येत नाही.

काकांचंही मला पटत नाही, कारण आमच्याकडचा रविवार मला माहीत आहे. सकाळी मटण येतं. आई आणि काकू अकरापासून चुलीपुढे. आधी पुरुष बसतात, मग पोरं. फोडी ताटांत जातात, नळीही जाते. बायका बसतात तेव्हा अडीच वाजलेले असतात आणि पातेल्यात रस्सा असतो, तवंगाखाली दोन बटाटे. काका ज्या तांबड्या-पांढऱ्याच्या जोरावर बोलतात, त्यातल्या फोडी काकूंच्या वाटणीला किती आल्या असतील? कदाचित म्हणूनच त्यांना मटण सोड म्हणणं सोपं जातं.

आता माझं सांगते. माझ्या ताटाच्या आधी इथे कुणाचंच ताट नव्हतं. सगळं मोजून, वेळेवर, नियमाने खाल्लं. मुलगी झाली त्या संध्याकाळी खोलीत ट्रे आला. ब्रेडचे दोन तुकडे, चीज, व्हिनेगरमधली काकडी, हागेबुटेन म्हणजे रानगुलाबाच्या फळांचा चहा. आईचा व्हिसा आला नव्हता. नवरा घरी सामान आणायला गेला होता. मी तो गार ब्रेड हातात धरून रडले. पुढच्या आठवड्यात हेबामे, म्हणजे इथली सुईण, घरी आली, तिला मी विचारलं आळीव कुठे मिळेल. तिला कळेना. मी फोनवर बिया दाखवल्या तर म्हणाली, ही तर क्रेसं, सुपरमार्केटात पाकिटं असतात, उगवून ब्रेडवर घाल. मी पाकीट आणलं, नारळ आणला आणि खीर केली. चव आली नाही. बाळंतिणीने आपली खीर आपण करायची नसते.

परवा हे आईला फोनवर सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू पोटात होतीस तवा तुझी आजी पुरुषांची पंगत बसायच्या आदी दोन फोडी काढून भाकरीखाली झाकून ठेवायची. मला मोरीत बोलवायची आन् म्हणायची, हितंच खा, बाहेर नगं."

मी भावाला वेगळा मेसेज टाकला. रविवारी तिचं ताट आधी वाढ, सगळ्यांसमोर, बाहेरच्या खोलीत. त्याचं उत्तर आलं, "बरं." पुढच्या महिन्याचा रिपोर्ट मला पाठव, असंही लिहिलंय. ते त्याने अजून वाचलेलं नाही.