बोल्ट बसले म्हणजे व्हील बसलं असं नाही

कोल्हापुरातल्या गाडीवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: चार बोल्ट जुळले की अलॉय व्हील बसलं, ऑफसेट जेवढा कमी, म्हणजे व्हील जेवढं बाहेर, तेवढी गाडी रस्त्याला चिकटते, टायर घासलाच तर स्पेसर (व्हीलच्या मागं घालायची चकती) टाका, आणि दुकानात घासला नाही तर पुढंही घासत नाही. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर धोक्याची आहे.

आधी बोल्टचं. बोल्ट जुळले म्हणजे फक्त पीसीडी जुळली, म्हणजे बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा मिलिमीटरमधला व्यास. स्विफ्ट आणि होंडा सिटी, दोघींची पीसीडी ४×१००. पण व्हीलचं मधलं भोक ज्या उंचवट्यावर बसतं, त्या हबचा व्यास स्विफ्टचा ५४.१ मिलिमीटर आणि सिटीचा ५६.१. स्विफ्टचं व्हील सिटीवर चढणारच नाही. सिटीचं स्विफ्टवर चढेल, पण व्यासात दोन मिलिमीटरची पोकळी राहील. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुतेकदा याहूनही मोठं असतं, कारण एकच व्हील बऱ्याच गाड्यांना विकायचं असतं. ती पोकळी हब रिंगनं, म्हणजे त्या मापाच्या कड्यानं, भरली नाही, तर व्हील मध्यात आणायचं काम एकट्या नटांवर पडतं. जरा तिरकं आवळलं गेलं की पुणे-बेंगळुरू हायवेवर ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगला पैसे घालत बसतो.

आता ऑफसेट. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर लांब आहे, तो ऑफसेट. टेकणारी बाजू बाहेरच्या अंगाला असेल तर तो अधिक. व्हीलच्या मागच्या बाजूला ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं, तेच हे.

समजा कंपनीचं व्हील ६ इंच रुंद आहे, ऑफसेट ४५. तुम्ही ७ इंची घेतलं, ऑफसेट ३५. एक इंच रुंदी वाढली, म्हणजे दोन्ही अंगांना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट १० नं घटला, म्हणजे अख्खं व्हील तेवढं बाहेर सरकलं. बाहेरची कड २२.७ मिलिमीटर पुढं आली, आतली जेमतेम २.७ आत गेली. आपल्या उद्यमनगरच्या कारखान्यांच्या भाषेत बाहेर सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)! जिथं एक सूत चुकला तर जॉब परत येतो, त्या गावात सात सुतांकडं काणाडोळा कसा करायचा?

मेसेजच्या या दुसऱ्या गोष्टीत थोडंसं खरं आहे. डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर वाढलं की वळणावर बाहेरच्या चाकांकडं भार थोडा कमी सरकतो. पण त्याची किंमत मेसेज सांगत नाही. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या आसाभोवती वळतं, तो आस जमिनीला जिथं मिळतो, तिथपासून टायरचा मध्य बाहेर सरकतो. तो जास्तच बाहेर गेला, तर एक चाक खड्ड्यात गेलं किंवा एकाच बाजूचा ब्रेक जास्त लागला की स्टिअरिंग हिसका मारतं. गगनबावड्याच्या घाटात, पावसात, समोरून एसटी येत असताना असा हिसका कुणालाच नको. शिवाय तोच भार लांबच्या टोकावरून बेअरिंगवर येतो, आणि बेअरिंग लवकर घुं घुं करायला लागतं.

स्पेसरचं थोडक्यात: स्पेसर व्हीलला बाहेरच ढकलतो. टायर आत स्ट्रटला, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्याला, घासत असेल तर त्याचा उपयोग. बाहेर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासत असेल तर त्रास वाढणारच. आणि जुन्याच स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या बोल्टवर) जाड स्पेसर घातला की नटाला पकडायला आटे कमी उरतात. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

राहिलं दुकानातलं घासणं. तिथं गाडी रिकामी असते आणि चाकं सरळ असतात. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन ज्योतिबाला निघालात, की स्प्रिंग दबते आणि फेंडर टायरवर उतरतो. म्हणून पैसे देण्याआधी गाडीत माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, रिव्हर्स घ्या, एखाद्या स्पीड ब्रेकरवरून न्या. मग चाकाच्या कमानीतल्या लायनरवर (आतल्या अस्तरावर) टायरचा काळा डाग पडलाय का ते टॉर्चनं बघा. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासून घ्या. ते किती जोरानं आवळायचे तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.