चौथ्या दिवशीचे आकडे

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. लहानपणी जिच्या कॅसेट आमच्या घरी झिजेपर्यंत वाजल्या, ती भावगीत गायिका (नाव मुद्दाम लिहीत नाही) आठ-नऊ वर्षांनी नवा अल्बम घेऊन आली. चौथ्या दिवशी नाशिकच्या दादानं आकडा टाकला, फक्त चार हजार व्ह्यूज. मग धडाधड मतं सुरू. कंपनी झोपली आहे, बाईंनी रील्स करायला हव्यात, टीव्हीवर परीक्षक होऊन बसायला हवं, त्यांचा जमाना गेला. सहा गाण्यांपैकी किती ऐकली, असं मी विचारलं. दोघांनी एकेक ऐकलं होतं, तेही अर्धं.

मी लंडनला राहते. हे वाचताना मला २० नोव्हेंबर २०१५ चा शुक्रवार आठवला. ब्रिटिश गायिका ॲडेलचा '२५' हा अल्बम त्या दिवशी आला. आधीचा '२१' जानेवारी २०११ मधला, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं तिचा नवा अल्बम नव्हता. मध्ये गळ्याची शस्त्रक्रिया झाली, मूल झालं. परत येताना तिनं केलं काय, तर ऑक्टोबरमध्ये टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेत ब्रेक लागला तेव्हा अर्ध्या मिनिटाची जाहिरात. काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांत शब्द आणि तिचा आवाज. नावसुद्धा नाही. त्यानंतर चाहत्यांना एक पत्र, उशीर झाला म्हणून माफी मागणारं. अल्बम स्ट्रीमिंगवर ठेवलाच नाही, तो तिथे आला २०१६ च्या जूनमध्ये. ऐकायचा तर विकत घ्या.

लोकांनी घेतला. सुपरमार्केटमध्ये दूध-ब्रेडच्या रांगेत माझ्यापुढे गणवेशातली एक नर्स होती, हातात दोन सीडी. एक आईला, असं ती काउंटरवरच्या मुलीला सांगत होती. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात ८,००,३०७ प्रती खपल्या. ओएसिस या बँडचा १९९७ चा सुमारे ६,९६,००० चा विक्रम मोडला. २०२१ मध्ये '३०' आला तेव्हा पहिल्या आठवड्याचा आकडा याच्या जेमतेम एक तृतीयांश होता. तरी माझ्या ऑफिसात तिचा जमाना गेला असं कोणी म्हटलं नाही. गाण्यांवरच बोलत होते सगळे.

इथं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. चार वेगळी मुखपृष्ठं काढून एकाच चाहत्याला चारदा विकण्याची रीत इथलीच, आणि मला ती पटत नाही. शिवाय पौंडात पगार घेणाऱ्या माणसाला दहा पौंड काढणं सोपं जातं, हेही खरं. आणि गावी विकत घ्यायचं म्हटलं तरी कुठे घ्यायचं? ज्या हिवाळ्यात '२५' इथं हातोहात खपत होता, त्याच हिवाळ्यात मुंबईत काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडींचं दुकान बंद झालं. तिथल्या त्या बूथमध्ये कानाला हेडफोन लावून मी कितीतरी दुपारी घालवल्या आहेत.

पण वाट बघणं आपल्याला नवीन नाही, आणि म्हणूनच दादाचं बोलणं मला लागलं. कुमार गंधर्व क्षयानं देवासला अंथरुणाला खिळले, पाच-सहा वर्षं गाणं बंद. परतले ते एक फुफ्फुस गमावून, लहान दमाची, अगदी निराळी गायकी घेऊन. ती कानात मुरायला लोकांना वेळ लागला आणि लोकांनी तो दिला. चौथ्या दिवशी कोणी तिकिटं मोजली असती तर? बाईंचा अल्बम सहा गाण्यांचा आहे, चाळीस मिनिटांचा. तेवढी चाळीस मिनिटं दिल्याशिवाय 'चालला नाही' म्हणायचा हक्क चाहत्याला नाही, असं माझं ठाम मत आहे. प्रमोशन कंपनीचं काम आहे. आपलं काम ऐकणं आणि जमेल तिथं पैसे मोजणं.

या अल्बमची सीडी निघालेली नाही, मी शोधून पाहिली. पण पुढच्या महिन्यात बाईंचा ठाण्याला कार्यक्रम आहे. दादाला कळवलंय, पैसे मी पाठवते, दोन तिकिटं काढ. एक तुझं, एक आईचं.