उंदराच्या नावावर बाळाला उलटं टांगू नका

सध्या सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: "अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी नवजात उंदरांवर सिद्ध केले आहे की मज्जारज्जूतील नसांच्या जोडण्या जन्मानंतर मालिशने तयार होतात. जितके मालिश तितक्या जोडण्या. म्हणून पहिले ४० दिवस बाळाच्या कण्यावर अंगठ्याने जोर देऊन मालिश करा, रोज पायाला धरून ११ वेळा उलटे झुलवा. मान उशिरा धरणाऱ्या बाळाला डॉक्टरकडे नेऊ नका, त्याच्या नसा जुळायच्या राहिल्या आहेत. तिसऱ्या महिन्यात वॉकर द्या." खाली बदाम-केशर तेलासाठी मोबाइल नंबर, आणि किमान १० आयांना पाठवण्याची आज्ञा.

मला हा ताईने पाठवला. भाची बाळंतपणाला माहेरी आलीय, शहरातल्या जुळे सोलापूर भागात. बाळ तीन आठवड्यांचं. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आजवर हलक्या हाताने तेल लावत होत्या. मेसेज वाचून ताईनेच त्यांना "जरा जोर लावा की ओ" म्हणून सांगितलं. मी हटकलं तर मलाच ऐकवलं, "बायोलॉजी तूच शिकवतोस ना? उंदरावर सिद्ध झालंय की!"

ठीक आहे, उंदरापासूनच सुरुवात करू.

नवजात उंदरांच्या मज्जारज्जूवर प्रयोग होतात, हे खरं. कसे होतात ते मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. पिल्लाचं वजन एक-दीड ग्रॅम. त्याला मारून अख्खा मज्जारज्जू बाहेर काढतात, ऑक्सिजन सोडलेल्या क्षारद्रावात जिवंत ठेवतात आणि त्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळांना इलेक्ट्रोड लावून कुठला संदेश कुठे पोचतो ते मोजतात. मालिश करायला तिथे पाठच शिल्लक नसते! आणि त्या द्रावात सेरोटोनिनसारखी, चेतापेशींना संदेश देणारी रसायनं घातली, की शरीराबाहेरचा तो मज्जारज्जू डावी-उजवी, डावी-उजवी अशी चालण्याची लय देऊ लागतो. तेवढ्याच वयाच्या जिवंत पिल्लाला मात्र पोट उचलून चालायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे चालण्याच्या लयीची मूळ मांडणी जन्माच्या वेळीच तयार असते, तेलाचा थेंबही न लागता.

आता त्या जोडण्यांबद्दल. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, ही प्रतिक्षिप्त क्रिया शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. स्नायू ताणला गेल्याची खबर आणणारी संवेदी चेतापेशी मज्जारज्जूत शिरते आणि त्याच स्नायूला हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशीला थेट जाऊन भिडते. गंमत अशी, की शेजारीच विरुद्ध काम करणाऱ्या स्नायूच्या प्रेरक चेतापेशी असतात, त्यांना ती टाळते. उंदरात ही थेट जोडणी जन्माच्या आधीच सुरू झालेली असते, गर्भात. तिथे मालिशवाली कोण जाणार?

इथे मेसेजवाल्याला अर्ध्या गुणाचं एक सत्य द्यावं लागेल, नाइलाजाने. कोलंबिया विद्यापीठातल्या थॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेतून २०१५ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यांनी जनुकीय युक्तीने उंदरांच्या या संवेदी चेतापेशींचा संदेश मज्जारज्जूत पोचणंच बंद केलं. त्यासाठी वापरलं धनुर्वाताच्या जंतूचं विष. प्रश्न साधा होता: संदेशांची ये-जा नसेल तर जोडण्या बरोबर होतील का? बहुतेक झाल्या. आपल्या स्नायूशी जोडणी झाली, विरुद्ध स्नायू टाळला गेला. फरक एकाच जागी पडला. एकाच दिशेने काम करणाऱ्या मित्र-स्नायूंच्या चेतापेशींशी होणाऱ्या जोडण्या वाढल्या. पुन्हा वाचा: संदेश बंद केल्यावर जोडण्या वाढल्या. म्हणजे चेतापेशींचं चालू असणं या जागी जोडण्या आवरायचं काम करतं. निबंधाचा निष्कर्षही तोलून मांडलाय, की संवेदी संदेशांना जोडण्या ठरण्यात मर्यादित आणि निवडक भूमिका आहे. एवढंच ते अर्धसत्य. 'जितके मालिश तितक्या जोडण्या' हे वाक्य त्यातून काढायला फार मोठी हिंमत लागते.

मुळात जास्त जोडण्या म्हणजे जास्त ताकद, ही समजूतच उलटी आहे. नवजात उंदराच्या स्नायूच्या एकेका तंतूवर अनेक चेतातंतू येऊन बसलेले असतात. दोन आठवड्यांत बाकीचे मागे हटतात आणि प्रत्येक तंतूवर एकच उरतो. ही छाटणी झाल्यावर हालचाल नेमकी होते. सोलापुरात हे समजावून सांगायला लागू नये. जकार्ड चादरीत न उचलायचा धागा उचलला गेला की नक्षी बिघडते, चादर जाड होत नाही.

आणि ४० दिवस! उंदरीण जेमतेम तीन आठवडे गाभण असते. पिल्लू डोळे मिटलेलं, बिनकेसाचं जन्मतं, डोळे उघडायला दोनेक आठवडे लागतात, आणि ४० दिवसांत ते जवळपास वयात येतं. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे हालचालीचे मुख्य तंतू उंदरात जन्मानंतरच्या दिवसांत कमरेपर्यंत पोचतात. माणसात ते मानेच्या भागात गर्भाच्या २४ व्या आठवड्यापर्यंत आलेले असतात. दोघांची घड्याळं जुळतच नाहीत. उंदराच्या पहिल्या आठवड्यावरून आपल्या बाळाचा सव्वा महिना काढणाऱ्याला मी युनिट टेस्टमध्ये शून्य दिलं असतं.

इथवर नुसतं अज्ञान होतं, त्याला हसता येतं. पुढचे दोन मुद्दे वाचून मात्र माझं डोकं फिरलं.

उलटं झुलवणं. नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा पाव हिस्सा, आणि मानेत ते सावरण्याची ताकद नाही. पायाला धरून झोका दिला की डोक्याला बसणाऱ्या हिसक्याने मेंदूवरच्या बारीक शिरा तुटू शकतात, डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. पोटातलं दूध वर येऊन श्वासात जाऊ शकतं, पाय निसटू शकतो. "आमच्या वेळी सगळ्यांना धरायचे, काही झालं नाही," असं ताई म्हणाली. ज्यांना झालं ते सांगायला ग्रुपवर नाहीत, ताई. अंगठ्याने कणा दाबण्याचंही तेच. मज्जारज्जू हाडांच्या नळीत, आवरणांत, पाण्यात जपून ठेवलेला असतो. अंगठा तिथे पोचत नाही, ते बरंच आहे.

"डॉक्टरकडे नेऊ नका." मान न धरण्यामागे काय काय असू शकतं? थायरॉइडची जन्मजात कमतरता असू शकते. तिच्यावरची गोळी स्वस्तात मिळते, पण उशीर झाला तर बुद्धीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. जन्मताना मेंदूला कमी ऑक्सिजन मिळालेला असू शकतो. किंवा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी असू शकते, ज्यात मज्जारज्जूतल्या प्रेरक चेतापेशीच मरत जातात. या आजाराचं जनुक १९९५ मध्ये सापडलं, पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस मान्यता मिळाली. औषधं भयंकर महाग आहेत, पण ती जितकी लवकर सुरू होतील तितकी उपयोगी, कारण मेलेली चेतापेशी परत येत नाही. या आजारात संवेदी आणि प्रेरक पेशींमधल्या जोडण्या लवकरच तुटू लागतात, हे कळलं ते उंदराच्या पिल्लांच्या मज्जारज्जूतूनच. ज्या संशोधनाने वेळ वाचवायला शिकवलं, त्याच्याच नावावर हा मेसेज आयांना वाट बघायला सांगतोय.

चार महिने होऊनही मान सावरत नाही, उचललं की अंग ढिलं पडतं किंवा पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात, दूध ओढताना बाळ दमतं, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवा. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

वॉकर: कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, मुलं पायऱ्यांवरून कोसळतात म्हणून. शिवाय त्याने चालणं लवकर येत नाही. पुढे.

मालिश बंद करा असं मी म्हणत नाहीय, कृपा करून ते माझ्या नावावर खपवू नका. हलक्या हाताचं मालिश बाळाला आवडतं, ते शांत झोपतं, आईलाही बरं वाटतं. घरातलं खोबरेल त्याला पुरतं. बदाम-केशरवाल्या नंबरवर मी फोन करून कुठल्या उंदरांवर प्रयोग झाला ते विचारलं. पलीकडून "किती बाटल्या पाठवू?" एवढंच उत्तर आलं.