मम म्हणा आणि मोकळे व्हा

पूजेला बसलेल्या यजमानाचं काम तसं सोपं असतं. गुरुजी लांबलचक संकल्प एका दमात म्हणतात, मध्येच थांबून "मम म्हणा" असं सांगतात, आणि आपण "मम" म्हणून हातावरचं पाणी ताम्हनात सोडतो. गुरुजी, मी नक्की कशाला होकार दिला, असं विचारणारा यजमान अजून जन्माला यायचाय.

घरच्या कॉम्प्युटरवर आपण वेगळं काय करतो? पडदा काळवंडतो, मधोमध एक चौकट उगवते आणि 'या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का?' असं नम्रपणे विचारते. चौकट पुरती उमटायच्या आत आपलं बोट 'येस'वर पडलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ती चौकट बंद करून टाका. होकार ठरलेलाच असेल तर विचारण्याचा उपचार हवाच कशाला?

तिचं पाळण्यातलं नाव युजर अकाउंट कंट्रोल, लाडाने यूएसी. ती यायच्या आधी, २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत, काय रामराज्य होतं! घरातला प्रत्येकजण मालक. तुम्ही मालक, चौथीतले चिरंजीव मालक, त्यांनी मित्राकडून आणलेली गेमची सीडी मालक आणि सीडीतून आलेला व्हायरसही मालक. कोणी कोणाला काही विचारत नसे. मग जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि या घरात सासूबाई आल्या. डेस्कटॉपवरचा एखादा सामाईक शॉर्टकट पुसायचा तरी परवानगी. लोक इतके वैतागले की विचारू नका.

आणि गंमत अशी, की वैताग यावा हाच हेतू होता. २००८ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, कॉम्प्युटर-सुरक्षेवरच्या आरएसए परिषदेत, मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी हे चारचौघांत सांगून टाकलं. गरज नसताना सिस्टिमच्या फोल्डरांत लुडबुड करणारे प्रोग्राम उदंड झाले होते. चौकट सारखी आली की लोक चिडतील, प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या नावाने ओरडतील आणि ते सुधारतील, असा हिशोब. थोडक्यात, लेकी बोले सुने लागे. सुना बऱ्याच सुधारल्या, चौकट आता पूर्वीइतकी येत नाही. पण तोवर आपल्या बोटाला सवय लागली होती, ती लागलीच.

ही चौकट आतून करते काय, तेही सांगतो, म्हणजे बंद करताना मन खाणार नाही. तुम्ही मालकाच्या, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या, खात्याने आत शिरलात तरी विंडोज तुमच्यासाठी दोन किल्ल्या बनवते. एक छोटी, रोजच्या वापरातली. दुसरी मोठी, सगळी कपाटं उघडणारी. ब्राउझर असो की गेम, सगळे छोट्या किल्लीवर राबतात, आणि कोणी मोठी मागितली की चौकट येते. पडदा काळवंडतो तोही शोभेसाठी नव्हे. त्या वेळात इतर साध्या प्रोग्रामांना तुमच्या वतीने 'येस' दाबता येऊ नये म्हणून चौकट वेगळ्या पडद्यावर उघडते. केवढा हा अविश्वास! चौकट बंद केलीत की मोठी किल्ली मागेल त्याला, न विचारता. समता म्हणतात ती हीच.

काही शहाणे सांगतात की चौकटीचा रंग बघा. प्रकाशक, म्हणजे प्रोग्राम बनवणारा, ओळख पटलेला असेल तर निळा, अनोळखी असेल तर पिवळा. अहो, संकल्पात कोणतं संवत्सर आलं हे कोणी ऐकतं का? मीही नाही ऐकलं. भाच्याच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरत होतो, फोटो २० ते ५० केबीतच हवा होता, आणि आमचा फोटो सव्वादोन एमबी. 'फोटो लहान करा, एकदम फुकट' असा एक प्रोग्राम सापडला. चौकट आली. पिवळी. प्रकाशकाच्या जागी 'अननोन'. मी म्हटलं, मम.

खोटं कशाला बोलू, फोटो ४८ केबीचा झाला. त्यानंतर ब्राउझर उघडला की आमचं नेहमीचं पान येईना, कुठलंसं परदेशी राशिभविष्य यायला लागलं, आणि तासातासाला कॉम्प्युटर आजारी असल्याची बातमी कोपऱ्यातून डोकावू लागली. औषधही तेच विकत होते. दुरुस्तीवाला मुलगा आला, पाच मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "काका, काय टाकलंत यात?" मी म्हटलं, "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." त्याने मान डोलावली. दिवसातून चारदा तरी हे वाक्य तो ऐकत असावा.

आता हे ऐकून तुमचं मन डळमळत असेल तर आणखी एक मुद्दा घ्या. ही चौकट म्हणजे अभेद्य भिंत असल्याचा दावा खुद्द मायक्रोसॉफ्टही करत नाही. खंडणीखोर प्रोग्रामला तुमचे लग्नाचे फोटो कुलूपबंद करायला मोठी किल्ली लागत नाही, छोटीवर भागतं. हां, विंडोजने जपलेल्या त्या फोटोंच्या जुन्या प्रती पुसायला मोठी लागते, पण तेवढ्यासाठी कोण थांबतंय? दाराचं कुलूप चोराला उघडता येतंच, मग दार लावायचं कशाला?

फक्त एक करू नका. कोणाच्या सांगण्यावरून घरात साधं खातं उघडू नका. दुरुस्तीवाल्याने माझ्यावर हा प्रयोग केला. रोजच्या कामाला साधं खातं, आणि मालकाचं खातं वेगळं, पासवर्डवालं. साध्या खात्यात नुसत्या 'येस'ने भागत नाही, चौकट मालकाचा पासवर्ड मागते. मी सुचवलेला पासवर्ड त्याने ऐकून घेतला, हसला, आणि दुसराच कागदावर लिहून तो कागद हिच्या हातात दिला. माझ्या घरात, माझ्या पैशाने घेतलेल्या कॉम्प्युटरवर, मी भाडेकरू.

तुमचं तसं नाही, तुम्ही अजून मालक आहात. स्टार्टमध्ये यूएसी टाइप करा. चार पायऱ्यांची सरकपट्टी दिसेल, ती पार तळाला न्या आणि ओके दाबा. पडदा शेवटचा एकदा काळवंडेल, कारण चौकट बंद करायलाही चौकटीचीच परवानगी लागते. तिथे मम म्हणा आणि सुटा.

मीही काल हेच करायला बसलो होतो. माझ्याकडे अर्थातच पासवर्ड मागितला. हिला हाक मारली. ती हात पुसत आली, चष्मा लावला, खुर्ची ओढून बसली आणि चौकट वाचायला लागली. वरच्या ओळीपासून.