श्वास मोजायला शिका

तान्ह्या बाळाच्या सर्दी-खोकल्यावरच्या या लेखात वाफ आणि ओव्याची धुरी दोन्ही सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही. धुराने बाळाची छाती आणखी आवळते, आणि गरम पाण्याच्या भांड्याने पोरं भाजतात. कृपा करून ते काढून टाका.

माझी लेक पाच महिन्यांची असताना तिला ब्राँकायोलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज, झाला होता. डॉक्टरांनी घरीच सांभाळायला सांगितलं, पण आधी मला श्वास मोजायला शिकवलं. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर करायचं आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त भरले, तर दवाखाना गाठायचा. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ कण्हत असेल, अंगावर पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा बघत बसूच नका.

बाकी पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब, आणि थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजणं. नाक मोकळं झालं की ती चुटूचुटू प्यायला लागायची. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नको, आजी कितीही म्हणाल्या तरी.