चाळीस मीटरवरची खरखर

आमच्या सोसायटीत रात्री दहानंतर टाचणी पडली तरी ऐकू येते, असं कमिटी अभिमानाने सांगते. कमिटीकडे शॉर्टवेव्ह रेडिओ नाही. माझ्याकडे आहे. 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे हॅम लोक (हौसेखातर स्वतःचा रेडिओ लावून जगाशी बोलणारे) ज्याला चाळीस मीटरचा बँड म्हणतात तिथे कान लावला की कळतं, घोडबंदर रोडवरच्या या इमारतीत कोणीतरी चोवीस तास कढईभर भजी तळतंय.

हा नाद मला उपवन तलावाकाठच्या मंडळींनी लावला. त्यांना मंडळ म्हणावं, तर नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्षही नाही. ठाण्यात अध्यक्षाशिवाय टिकलेली ही बहुधा एकमेव संस्था. रविवारी सकाळी टपरीवर जमायचं, कटिंग मागवायचा आणि कोणाला कुठलं स्टेशन लागलं ते सांगायचं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले सिग्नलकाका आहेत, नौपाड्यात टीव्ही दुरुस्त करणारा एकजण आहे. इंजिनिअरिंगची एक मुलगी पीव्हीसी पाइपावर मेजरटेपच्या पट्ट्या बसवून केलेला यागी अँटेना, म्हणजे एकाच दिशेने नेम धरणारा, घेऊन येते. डोक्यावरून स्पेस स्टेशन जाणार असलं की ती 145.800 मेगाहर्ट्झ लावून तो अँटेना आकाशात हळूहळू फिरवते. तेवढी आठ-दहा मिनिटं तलावाला फेऱ्या मारणारे लोक तिला लांबून वळसा घालतात.

एक सातवीतला मुलगाही येतो. त्याच्याकडे हॅमचं, म्हणजे रेडिओवर बोलायचं लायसन्स आहे. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं आणि व्हीयू3 ने सुरू होणाऱ्या खुणेच्या (हॅमचं रेडिओवरचं नाव म्हणजे ही खूण) रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोडची अटही नाही. मी अजून नुसता श्रोता. ‘काका, अभ्यास कुठवर आला?’ हे तो दर रविवारी मला ज्या सुरात विचारतो, त्या सुरात मी त्याच्या वयात फक्त हेडमास्तरांना बोलताना ऐकलंय.

भजीचं गाऱ्हाणं मी या दरबारात मांडलं. सिग्नलकाकांनी विचारलं, “काटा कितीवर आहे?” म्हटलं, एस-नाइन, म्हणजे लांबचं स्टेशन बुडेल एवढी खरखर. टपरीवर हळहळ पसरली.

पहिला उपचार असा, की रेडिओ सेलवर चालवायचा आणि आपल्याच घराचा मेन स्विच बंद करायचा. खरखर थांबली तर चोर घरातच. “किती वेळ?” बायकोने विचारलं. म्हटलं, पाच मिनिटं. “फ्रीजमध्ये श्रीखंड आहे,” एवढंच म्हणाली, पण त्यात सगळं आलं. मेन बंद केला. भजी तळतच राहिली.

हे होतं कशामुळे, तर स्वस्त चार्जर आणि एलईडीच्या अडॅप्टरमुळे. घरातली वीज कमी व्होल्टेजवर आणण्यासाठी ही डबडी ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्या उघडझापीची पिल्लं पार मेगाहर्ट्झपर्यंत चढत जातात. चांगली कंपनी आत फिल्टर बसवते, बाकीच्या तेवढेच पैसे वाचवतात. मग घराचं वायरिंग म्हणजे आयताच अँटेना, आणि त्यावरून जे प्रसारण होतं त्याला लायसन्स लागत नाही.

चोर शोधायला साधा खिशातला ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर 558 ला आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागते, तिच्या थोडं बाजूला, जिथे काहीच नाही तिथे काटा ठेवायचा. आत अँटेना म्हणून फेराइटची, म्हणजे काळ्या चुंबकी मातीची कांडी आडवी बसवलेली असते. तिचं टोक खरखरीच्या दिशेने आलं की आवाज पडतो. म्हणजे ट्रान्झिस्टर हातात धरून गोल गोल फिरवत जिना चढायचा. हे काम एखादा निर्जन किल्ला असता तर फार शोभून दिसलं असतं.

दुसऱ्या मजल्यावर मला मीटरवाला समजून एका बाईंनी बिलाबद्दल झापलं. चौथ्यावर पोहे मिळाले. सातव्यावरच्या काकूंनी दाराची साखळी न काढताच विचारलं, “काय शोधताय?” मी म्हणालो, “सिग्नल.” येऊरचं जंगल आमच्या खिडकीतून दिसतं आणि तिथल्या बिबट्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातल्याचं काकूंनी पेपरात वाचलेलं. मी दहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, ‘बी विंगच्या जिन्यात बिबट्या. वनखात्याचा माणूस यंत्र घेऊन फिरतोय. लहान मुलांना खाली सोडू नये.’ वॉचमन काठी घेऊन वर निघाला आणि लिफ्टमध्ये वनखात्याच्या माणसाला भेटला.

खरखरीचा उगम दहाव्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या दारात होता. तिथे ट्रान्झिस्टर अक्षरशः किंचाळला.

सेक्रेटरी कायद्याचे माणूस. रविवारी मी सिग्नलकाकांना घेऊन गेलो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “हे असलं ऐकायला सरकारची हरकत नाही ना?” सिग्नलकाका म्हणाले, राजीव गांधींकडे हॅमचं लायसन्स होतं, व्हीयू2आरजी. यावर सेक्रेटरींचा चेहरा पाहून मी घाईने भूजवर गेलो. 2001 च्या भूकंपात फोन मेले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते, तो दाखला सर्वपक्षीय आहे.

शोध देवघरापाशी थांबला. गणपतीच्या मागे रंगीत एलईडीची फिरती प्रभावळ आणि खाली तिचा बिस्किटाएवढा अडॅप्टर. आता हा बंद करा म्हणणार कोण? नौपाड्याचा टीव्हीवाला बरोबर आला होता. त्याने दोन्ही हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले.

सेक्रेटरींच्या आई आतून आल्या. “काय रे, कोण आलंय?” सिग्नलकाकांनी त्यांना सगळं नीट सांगितलं आणि म्हणाले, “आजी, देवाचा दिवा मालवायचा नाही. फक्त शेजारती झाल्यावर असतो ना अंधार, तेवढ्यापुरतं.” आजींनी त्यांचं बोलणं पुरं होऊ न देता प्लगच उपटला.

खरखर गेली. मी सवयीने काटा किंचित सरकवला आणि अस्मिता वाहिनीवरची बाई खोलीत बसल्यासारखी स्वच्छ बोलायला लागली.

आजी खुर्चीवर टेकल्या. मग आत जाऊन पदराने पुसत एक जुना ट्रान्झिस्टर घेऊन आल्या, तो लावला, त्यातूनही तीच बाई. “आकाशवाणी बंद पडली म्हणालास ना मला?” त्या मुलाकडे बघत म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.” सेक्रेटरींनी एकदम आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली फेराइटची रिंग सिग्नलकाकांनी खिशातून काढली आणि अडॅप्टरची वायर तिच्यातून ओवायला घेतली. आजी मोजत होत्या. सातवा फेरा झाल्यावर म्हणाल्या, “वडाला घालतो तेवढेच?” काका म्हणाले, फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशेबाने खरखर अडवायचा जोर वाढतो, सात फेरे म्हणजे एकाच्या एकोणपन्नास पट. “वडाचं असं कोणी सांगितलं नव्हतं,” आजी म्हणाल्या. प्लग परत लावला. प्रभावळ फिरू लागली, बाई बोलतच राहिली. घरी येऊन पाहिलं तर माझा काटा एस-फाइव्हवर, आणि त्या रात्री चाळीस मीटरवर कोणीतरी मल्याळममधून अँटेनाच्या खांबाला लागलेल्या गंजाबद्दल पोटतिडकीने बोलत होतं, बहुधा. शब्द कळत नव्हते, तिडीक कळत होती.

आजींचा मात्र उद्योग वाढला. आता दुपारी ट्रान्झिस्टर घेऊन त्या स्वतः मजले फिरतात. सहाव्यावरच्या घरातलं मच्छर मारायचं यंत्र त्यांनी जप्त केलंय. रविवारी टपरीवर येतात, बिनसाखरेचा घेतात आणि सातवीतल्या मुलाबरोबर परीक्षेचा अभ्यास करतात. तोही त्यांना अहो-जाहो करतो.

गेल्या वार्षिक सभेत गच्चीवर सोलर पॅनल बसवायचा ठराव आला. पॅनल म्हणजे इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर म्हणजे काय ते मला ठाऊक. पण पर्यावरणाच्या विरोधात हात वर करायचा, तोही भजीच्या आवाजापायी, म्हणजे पंचाईत. मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. ठराव एकमताने मंजूर झाला, कंत्राटदार हसून नमस्कार करू लागला.

“इन्व्हर्टरला फेराइट लावणार का?” मागून आजींचा आवाज आला. “आणि फेरे किती?”

कंत्राटदाराने सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी माझ्याकडे.