सेकंड हँड घेतलं म्हणजे खरेदी कमी झाली असं नाही

थोडं कडू वाटेल पण लिहितेच, कारण हल्ली माझ्या फीडवर दर दुसरी पोस्ट 'थ्रिफ्ट हॉल'ची असते. म्हणजे पलंगावर वापरलेल्या कपड्यांचा ढीग, एकेक उचलून दाखवायचा, हे इतक्याला मिळालं, हे तर जवळजवळ फुकटच, आणि खाली सगळे लिहितायत वा काय सस्टेनेबल आहेस तू! अहो, त्या ढिगात पंधरा कपडे आहेत. तेवढेच नवे आणून दाखवले असते तर याच मंडळींनी कमेंटमध्ये झापलं असतं. जुने आहेत म्हणून एकदम पुण्य?

आता लगेच कुणी अंगावर येऊ नका, मी स्वतः वापरलेले कपडे घेते, वर्षानुवर्षं घेतेय आणि आवडीने घेते. माझं म्हणणं एवढंच की कपडा कुठून आला हा एक प्रश्न आणि तो मुळात लागत होता का हा दुसरा, आणि आपण पहिल्याचं छान उत्तर देऊन दुसऱ्याला हळूच बगल देतो. थ्रिफ्टिंगने दुकान बदलतं, सवय बदलतेच असं नाही. उलट कधीकधी सवय आणखी पक्की होते, कारण आता तिला टोकणारं कुणी उरलेलं नसतं, ना पाकीट ना मन.

आणि जुन्या कपड्यांची भुरळ नव्यापेक्षा जास्त चिवट असते हे कुणी बोलतच नाही. नव्या कपड्यांच्या साइटवर 'फक्त दोनच शिल्लक' असं लाल अक्षरात येतं तेव्हा ते बरेचदा नाटक असतं हे आता शाळकरी पोरांनाही कळतं. पण सेकंड हँडमध्ये तो पीस खरोखर एकच असतो! तुमच्या मापाचं ते जॅकेट, तो रंग, तो कट, आज सोडलं तर परत दिसणार नाही हे खरंच खरं असतं. त्यामुळे 'घरी जाऊन विचार करते' हे जे सगळ्यात चांगलं शस्त्र आहे तेच तिथे बोथट होतं. त्यात रिसेल ॲप्स. ती काय समाजसेवा म्हणून चालवलेली नसतात, त्यांनाही तुम्ही दिवसातून चारदा उघडायला हवेच असता, म्हणून मग तुम्ही सेव्ह केलेल्या ड्रेसची किंमत उतरली, तुमच्या आवडीचं नवीन काही आलंय, विक्रेत्याने तुम्हाला ऑफर पाठवलीय, टिंग टिंग टिंग चालूच.

शिवाय 'नाही आवडलं तर विकून टाकेन' हे एक नवीनच पांघरूण निघालंय. विकून टाकेन म्हणत घेतलेले कपडे प्रत्यक्षात किती जण विकतात? फोटो काढा, माप लिहा, लोकांच्या 'लास्ट किती' ला उत्तरं द्या, पॅक करा, पाठवा. ते सगळं राहतं आणि कपाटात एक पिशवी वाढते जिच्यावर मनातल्या मनात 'विकायचंय' असं लिहिलेलं असतं.

मुळात जगात एवढे वापरलेले कपडे आले कुठून हेही बघायला हवं. एलन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेचा २०१७ चा एक अहवाल आहे, त्यात म्हटलंय की २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि त्याच काळात एक कपडा टाकून देण्याआधी सरासरी जितक्या वेळा घातला जातो तो आकडा सुमारे ३६ टक्क्यांनी घसरला. आपण जे 'वा काय नव्यासारखं मिळालं' म्हणतो ना, ते नव्यासारखं असतं कारण आधीच्या मालकाने ते घातलेलंच नसतं.

आणि 'मी तर सगळं दान करते' यावर पण जरा बोलू. दिलेलं सगळं गरजूंच्या अंगावर जातं हा फार गोड समज आहे. श्रीमंत देशांत दानात आलेलं जे दुकानांतून विकलं जात नाही त्यातला मोठा भाग गाठोडी बांधून परदेशी जातो. घानाच्या अक्रा शहरातला कांतामांतो बाजार हा जगातल्या सगळ्यात मोठ्या जुन्या कपड्यांच्या बाजारांपैकी एक, तिथे काम करणाऱ्या द ऑर फाउंडेशनचा अंदाज आहे की आठवड्याला दीड कोटीच्या आसपास कपडे तिथे येतात. आठवड्याला! तिथले व्यापारी गाठोडं बंदच विकत घेतात, आत काय निघेल ते उघडल्यावर कळतं, फाटके डागाळलेले निघाले तर नुकसान त्यांचं. उसवलेलं शिवून, रंग देऊन, कापून दुसरं काही बनवून ते लोक जेवढं वाचवतात तेवढं श्रीमंत देशातलं कुणी वाचवत नसेल, तरी बरंच शेवटी गटारात आणि समुद्रकिनाऱ्यावर जातं. चिलीतही तेच, इकीके बंदरात माल उतरतो आणि न खपलेला जवळच्या अटाकामा वाळवंटात ढिगाने पडतो, ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

रिसायकलिंगचं म्हणाल तर एलन मॅकआर्थरच्या त्याच अहवालानुसार जुन्या कपड्यापासून परत नवा कपडा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. कारण साधं आहे, आजचा कपडा एका धाग्याचा नसतोच, कॉटनमध्ये पॉलिस्टर, त्यात इलॅस्टेन म्हणजे ताणणारा धागा, वर चेन बटणं प्रिंट, हे सगळं वेगळं कसं करणार. लोकर वगैरे पिंजून त्याचं हलकं सूत आणि त्याची ब्लँकेटं करता येतात, आपल्याकडे पानिपत त्यासाठीच ओळखलं जातं, पण तो कपडा पुन्हा कपडा होत नाही, एक पायरी खाली उतरतो. म्हणजे 'टाकला तरी वाया जात नाही' या भरवशावर घ्यायचं असेल तर तो भरवसा सोडा.

मग करायचं काय. मला एक जुनी गोष्ट फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४१ ला ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कूपन, कोटाला इतकी, शर्टाला इतकी, मोज्यांना इतकी, आणि पैसे कितीही असले तरी कूपन संपली की नवा कपडा बंद. हे १९४९ पर्यंत चाललं. गंमत म्हणजे वापरलेले कपडे त्यातून वगळलेले होते, त्यांना कूपन लागायची नाहीत. आणि तेव्हा ते बरोबरच होतं कारण टंचाई कापडाची होती, कामगारांची होती, कारखाने गणवेश आणि पॅराशूट शिवण्यात गुंतले होते, त्यामुळे आधीच शिवून झालेला कपडा कितीही हात फिरला तरी देशाचं काही जात नव्हतं. आज टंचाई कशाची आहे? कापडाची तर अजिबात नाही. कपाटातल्या जागेची आहे, पैशाची आहे, आणि मुख्य म्हणजे थांबण्याची आहे. म्हणून आजच्या घरगुती रेशनिंगमध्ये सेकंड हँडला सूट देऊ नये असं माझं स्पष्ट मत. मोजायचं तर सगळं मोजायचं, नवं, जुनं, मैत्रिणीने दिलेलं सुद्धा.

आकडा किती ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. बर्लिनच्या हॉट ऑर कूल इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये एक हिशोब मांडला होता की तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवायची तर माणशी वर्षाला पाचच नवे कपडे घेता येतील. पाच म्हटलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तुम्ही आठ ठेवा, दहा ठेवा, पण ठेवा. कारण 'आता जरा कमी करायचं' या निश्चयाशी आपण रात्री बारा वाजता फोन हातात घेऊन मस्त वाद घालू शकतो आणि जिंकतोही, पण 'सात झाले, तीन उरले' या आकड्याशी वाद घालता येत नाही. आणि जे उरलेत ते मग असे तसे उधळवत नाहीत, ते चांगल्या गोष्टीसाठी राखून ठेवावेसे वाटतात. बजेट ठरवण्यापेक्षाही मला नग मोजणं जास्त कामाचं वाटतं, कारण थ्रिफ्टमध्ये बजेट फसवतं, तेवढ्याच पैशात चौपट कपडे घरी येतात आणि वर बचत झाल्यासारखं वाटतं.

दुसरं म्हणजे यादी. फोनमध्ये लिहून ठेवायची, पण 'काहीतरी छान टॉप' अशी नाही, तर 'काळी पँट, सुती, खिसे हवेत, पावसाळी बुटांवर चालेल' अशी. सेकंड हँडची खरी मजा मला इथे वाटते, शिकार करतो तशी एकच गोष्ट महिनोन्महिने शोधायची आणि बाकी सगळं कितीही सुंदर असलं तरी हात लावून ठेवून द्यायचं. यादीत नसलेलं आवडलं तर आज ते यादीत लिहायचं आणि पुढच्या महिन्यात तरी हवंसं वाटतंय का बघायचं. तोवर गेलेलं असेल तर गेलं. काही होत नाही हो. आणि ॲपमधलं सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, दरवेळी सोळा आकडे टाकायचे म्हटले की निम्मी हौस तिथेच विरते.

प्रत्यक्ष कपडा हातात आला की आधी तो उलटा करा. लोक बाहेरून बघतात, खरी परिस्थिती आतून कळते. काखेतली शिवण, पँटच्या मांड्यांमधला भाग, कोपर, कॉलरची घडी, झिजतं ते इथेच. उजेडासमोर धरा, विरलेलं कापड लगेच दिसतं. चेन वरखाली करून बघा, इलॅस्टिक ताणून बघा, ताणल्यावर करकर आवाज आला तर ते मेलेलं आहे. शिवणीच्या आत कापड किती सोडलंय बघा, म्हणजे सैल करता येईल की नाही ते कळतं. बटण नाही, दुमड उसवलीय, चेनचा रनर गेलाय हे दोष नाहीत, हे भाव कमी करायचं कारण आहे, शिंपी पाच मिनिटांत करून देतो. पण काखेतला जुना पिवळा डाग, आटलेली लोकर, अंगभर आलेले गोळे, यांच्या नादी लागू नका. आणि लेबलवरच्या साइजवर तर अजिबात जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा एम वेगळा आणि गेल्या काही दशकांत तोच आकडा हळूहळू ढगळ होत गेलाय, त्यामुळे जुना कपडा त्याच साइजचा असून घट्ट बसतो. स्वतःचा सगळ्यात चांगला बसणारा शर्ट सपाट पसरून छाती, खांदा, उंची मोजून ठेवा आणि ती मापं जवळ बाळगा, बस. घरी आणल्यावर ज्याला चालेल ते ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा, ढेकूण पण मरतात आणि मनातली शंका पण.

पण एवढं सगळं करूनही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पर्यावरणस्नेही कपडा कुठला तर जो आत्ता कपाटात आहे तो. रॅप नावाच्या ब्रिटिश संस्थेचा हिशोब आहे की कपडा नेहमीपेक्षा नऊ महिने जास्त वापरला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. नऊच महिने. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, बटण लावावं लागतं.

मग मुद्दा येतो फोटोंचा. 'हा ड्रेस मागच्या कार्यक्रमात घातला होता, सगळ्यांनी पाहिलाय.' २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कार्ल स्टेफानोव्हिक या टीव्ही अँकरने सांगून टाकलं की तो जवळजवळ वर्षभर तोच एक निळा सूट घालून रोज सकाळी कार्यक्रम करतोय आणि एकाही प्रेक्षकाच्या लक्षात आलं नाही. पण त्याने ते केलं होतं ते वेगळंच दाखवायला, त्याच्या शेजारी बसणाऱ्या बाईला मात्र कपड्यांवरून सतत पत्रं यायची. त्यामुळे 'कुणी बघत नाही, बिनधास्त रिपीट करा' हा सल्ला पुरुषांनी बायकांना फार सहज देऊ नये. बघतात. बोलतात सुद्धा. पण बोलणाऱ्यांत आपणही असतो, आणि 'अगं हा परत का' हे वाक्य निदान आपल्या तोंडून बंद करणं आपल्या हातात आहे की नाही?

'सुस्थितीतले लोक थ्रिफ्ट करायला लागले की गरिबांना कपडे उरत नाहीत' असाही एक आक्षेप येतो. सरसकट मला तो पटत नाही, वर सांगितले ते ढीग बघा, कपडे काय कमी पडणारेत. पण मोठ्या साइजचे कपडे, थंडीचे चांगले कोट, नोकरीच्या मुलाखतीला घालण्यासारखं काही, हे कमीच येतं, आणि तेच उचलून दुप्पट भावाने परत विकणारे जे आहेत त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. मोठ्या मापाचा शर्ट कापून क्रॉप टॉप करायच्या रील्सवाल्यांबद्दल तर मुळीच नाही.

एक राहिलं, लहान मुलांना हे नग मोजण्याचं गणित लावू नका. ती वाढतातच एवढ्या भराभर की कपडा फाटायच्या आधी आखूड होतो, म्हणून मुलांचे वापरलेले कपडे बहुतेक वेळा धडधाकट असतात, घेताना खुशाल घ्या आणि झाले की लगेच पुढच्याला द्या. फक्त पँटचे गुडघे बघून घ्या.